मागच्या पायातलं दीड किलो

आमच्या गावात रोज सकाळी एक बहात्तर वर्षांचा माणूस दोन वजनकाट्यांवर दोन पाय ठेवून उभा राहतो आणि एका पायातून दुसऱ्या पायात स्वतःला ओततो. ओततो हाच शब्द बरोबर आहे. डाव्या पायाखालची सुई चौसष्टावरून खाली येऊ लागते, उजव्या पायाखालची शून्यावरून वर चढू लागते, आणि दोन्ही सुया इतक्या सावकाश सरकतात की बघणाऱ्याला वाटावं, एका घागरीतून दुसरीत गोडेतेल चाललंय. मध्ये कुठं थरथर नाही, हिसका नाही. डावी सुई शून्यावर टेकली की तो डोळे मिटून म्हणतो, "गाडी रिकामी." मग तेच उलट्या बाजूनं.

या माणसाचं नाव साहेबराव. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस-बत्तीस वर्षं काढली. उसाची भरलेली गाडी आत येताना तोलायची, रिकामी होऊन बाहेर जाताना परत तोलायची, मधला फरक म्हणजे ऊस. जन्मभर एवढंच केलं. आता तो ताई ची करतो. चीन देशातला सावकाश हालचालींचा व्यायाम आहे तो. नावावरून गावात जे विनोद व्हायचे ते पहिल्या आठवड्यात होऊन गेले. ते मी इथं लिहीत नाही, कारण त्यातले निम्मे माझेच होते.

मी भानुदास. चाळीस वर्षं बैलगाडीनं ऊस वाहिला. शाळेत दुसरीपर्यंत गेलो. अक्षरं पुढं पोरांच्या पुस्तकातून उचलली, आकडे मात्र साहेबरावाच्या काट्यावरच शिकलो. तिथं आकडा वाचता येत नसेल तर माणूस भांडणार कशाच्या जोरावर? आणि एक सांगून ठेवतो, मी कोणाला सहजासहजी मोठं म्हणत नाही. आयुष्यात तिघांपुढं मान लववली. त्यातले दोन बैल होते.

आमची ओळख भांडणाची. गाडी काट्यावर उभी राहिली की साहेबराव काचेच्या खोलीतल्या छोट्या खिडकीतून ओरडायचा, "गाडीवान, खाली उतर." मी उतरत नसे. म्हणायचो, "मी उतरलो तर बैलं थांबत न्हाईत." येताना मी गाडीवर बसलेला असायचो. रिकामी गाडी बाहेर काढताना मात्र बैलांच्या पुढं पायी चालायचो. का, ते विचारू नका.

पहिल्याच हंगामात त्यानं मला पकडलं. खोलीतून बाहेर आला, बैलांच्या कानाशी काहीतरी पुटपुटला, आणि माझी बैलं, माझी स्वतःची बैलं, खांबासारखी उभी राहिली. मग मला म्हणाला, "उतर. तू चोपन्न किलोचा हायेस. उसात धरलं तर चरकात जावं लागंल, चालंल का?" सगळी रांग हसली. तेव्हापासून मी दर खेपेला बसून राहायचो आणि तो दर खेपेला मला उतरवायचा. यात तीस वर्षं गेली. तो मला अरे म्हणायचा म्हणून मीही त्याला अरे म्हणू लागलो. बाकी सगळे त्याला साहेब म्हणत.

काट्याच्या बाबतीत तो कोणाचा नव्हता. सख्ख्या मेव्हण्याच्या गाडीवर पावसानं भिजलेली ताडपत्री होती, तीसुद्धा त्यानं काढायला लावली. मेव्हणा पुढं दोन वर्षं बहिणीच्या दारात आला नाही. गाडीखालून चालणारं कुत्रं काट्यावर चढलं तर तो हाकलून द्यायचा आणि सुई थांबेपर्यंत वाट बघायचा. वाचायची रीतही ठरलेली. चष्मा लावायचा, सुईच्या अगदी समोर वाकायचं, एकदा बघायचं, परत एकदा बघायचं, मगच तोंड उघडायचं. "उभ्यानं वाचलेला आकडा खरा नसतो," म्हणायचा.

कोणाच्या घरचा चहा तो घेत नसे. हुरडा नाही, रस नाही, लग्नाचं जेवणसुद्धा नाही. पत्रिका गेली की आहेर पाठवायचा, स्वतः यायचा नाही. त्याचं म्हणणं, "चहा असतो शंभर ग्रॅमचा. पण तो पारड्यात पडला की मणाचा होतो." आम्ही त्याला आढ्यतेखोर म्हणायचो. मीच जास्त म्हणायचो.

नोकरी सुटली तरी तोलायची खोड सुटली नाही. वर्तमानपत्र हातात घेतलं की म्हणणार, "आज हलकं हाय, जाहिराती न्हाईत." आमची नात जन्मली तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात योगायोगानं भेटला. सुनबाईच्या आईनं पोर त्याच्या हातावर दिलं. डोळे मिटले आणि म्हणाला, "दोन सहाशे." सिस्टरनं आत नेऊन तोललं. दोन किलो सहाशे. 

चार वर्षांमागं त्याची बायको वारली. एकुलती एक लेक जालन्यात, तिनं त्याला नेलं. चौथ्या मजल्यावरचं घर. तिथं त्याचं पहिलं भांडण लिफ्टशी झालं. आत पाटी होती, सहा माणसं, चारशे आठ किलो. "म्हंजे माणूस अडुसष्ट किलोचा धरलाय," तो म्हणायचा, "कुणी धरला? कुणाला तोलून धरला?" त्या हिशेबानं आपण चार किलोनं कमी पडतो हे त्याला लागलं. लेक सांगते की तो जिन्यानंच ये-जा करायचा.

पण तिथल्याच बागेत त्याला ती विद्या भेटली. एक निवृत्त नर्सबाई पहाटे आठ-दहा म्हाताऱ्यांना ताई ची शिकवायच्या. साहेबराव पहिल्या दिवशी बाकावर बसून बघत होता. बाई म्हणाल्या, "एक पाय भरलेला, एक पाय रिकामा. भरलेल्या पायानं चालता येत नाही. आधी रिकामा करा, मग उचला." साहेबराव बाकावरून उठला. पुढं मला सांगताना म्हणाला, "भाना, बत्तीस वर्षं मी हेच करून राह्यलो होतो. भरली आत, रिकामी बाहेर. फक्त ते माणसाच्या आत बी असतं हे कुणी सांगितलं न्हवतं."

वर्षभर शिकून तो गावी परत आला. लेक नको म्हणत होती, तरी आला. कारखान्याच्या वसाहतीबाहेर बैलगाड्यांचा जुना काटा आहे. गाड्या संपल्या तसा तो बंद पडला. आता नुसता लोखंडी पत्र्याचा ओटा उरलाय, कडेला एक लिंब. साहेबरावानं तिथं शाळा मांडली. म्हणाला, "अंबड तालुक्यात याच्याइतकी सपाट जागा न्हाई. मी पाणसळ लावून पाह्यलीय." उन्हाळ्यात अकरा जण जमायचे. मग लग्नसराई आली, चार गळाले. पेरणी आली, चार गळाले. बाकीच्यांना ते सावकाशपण सोसलं नाही. पंधरा मिनिटांत एक हात वर जायचा म्हणजे काय, एवढ्यात म्हैस पिळून होते. जूनच्या शेवटाला ओट्यावर साहेबराव एकटा. तरी रोज सहाला हजर.

मी त्या अकरांत नव्हतो. मी रस्त्यावरून जाताना थांबून हसायचो. पण एक गोष्ट मला तेव्हाही खटकली. तो हात फिरवत असायचा आणि साळुंक्या त्याच्या पायाजवळ दाणे टिपत असायच्या. मी पन्नास पावलांवर थांबलो तरी उडायच्या. तो अंगावर आला तरी उडायच्या नाहीत. गाडीवानाला जनावरांचं कळतं. माणसात हिसका असला तर जनावराला आधी कळतो. मी हसणं बंद केलं, पण कबूल केलं नाही.

मग जुलैत मी पडलो.

माझं शेत चारीपलीकडं आहे. चारी म्हणजे कालव्याचा छोटा फाटा, कमरेइतकं पाणी. ओलांडायला विजेचा एक जुना सिमेंटचा खांब आडवा टाकलाय. त्या खांबावरून मी डोक्यावर पेंढी घेऊन गेलोय, काखेत वासरू घेऊन गेलोय. त्या दिवशी हातात नुसता डबा होता आणि पाय सटकला. पलीकडं बाया खुरपत होत्या. त्यांनी मला धोतराला धरून ओढून काढलं. त्यात आमच्या सुनबाई होत्या. हाड मोडलं नाही, पण त्या बायांना मी कधी कामावर उशीर झाला म्हणून बोललो असेन नसेन, ते सगळं त्यांनी त्या हसण्यात वसूल केलं.

पोरगा बाळू शांत आहे, आईवर गेलाय. त्यानं अंबडहून खाली चार पाय असलेली काठी आणली. मी ती परसात दोडक्याच्या वेलाला दिली. वेल चांगला चढला. पण बाळूनं दुसऱ्या बाजूनं दोर आवळला. म्हणाला, "अण्णा, काठी घेऊ नका. पण चारी वलांडायची न्हाई. येकट्यानं न्हाई अन् माझ्यासोबत बी न्हाई."

शेतावर न जाणारा शेतकरी म्हणजे काय, हे ज्याचं शेत नाही त्याला सांगून उपयोग नाही. मी ओसरीवर बसायचो. घरच्या बाया माझ्याभोवतीनं झाडायच्या. चारीपलीकडं दीड एकर तूर आणि बाकी कापूस उगवून आला होता आणि मला त्याची उंची बाळूच्या हाताच्या खुणेनं बघावी लागत होती.

चौथ्या दिवशी रस्त्यावरून हाक आली. साहेबराव कुंपणाबाहेर उभा. तो कोणाच्या अंगणात येत नाहीच.

"गाडीवान, पडला म्हणं."

"पडलो न्हाई. बसलो."

"पाण्यात?"

मी पायावरची माशी हाकलली.

"उद्या सहाला काट्यावर ये."

"मला नाचायला येत न्हाई."

"चालायला तरी कुठं येतंय," असं म्हणून तो गेला. मी आठ दिवस गेलो नाही. नवव्या दिवशी सुनबाईनं दोडका तोडताना ती काठी पुसून ओसरीत आणून ठेवली. दहाव्या दिवशी मी सहाला काट्यावर होतो.

पहिल्याच सकाळी तो म्हणाला, "मला लोट."

मी तरुणपणी कुस्ती खेळलेला. म्हणालो, "लागंल तुला."

"लागू दे."

मी त्याच्या छातीला हात लावून लोटलं. आता हे कसं सांगावं. चिखलात रुतलेली भरली गाडी आहे असं समजून माणसानं अंगातलं सगळं बळ लावून खांदा द्यावा, आणि गाडी रिकामी निघावी. माझ्या हाताखाली कोणी नव्हतंच. तो तिथंच होता, पण जिथं मी लोटलं तिथं नव्हता. मी तसाच पुढं गेलो आणि लिंबाला मिठी मारली. वळून पाहिलं तर तो होता त्याच जागी, श्वाससुद्धा वाढलेला नाही.

"परत," तो म्हणाला.

मी सात वेळा लोटलं. शेवटी लिंबाचं साल निघालं. मी खाली बसलो. माझ्या बैलांना त्यानं पहिल्या हंगामात उभं केलं होतं तेव्हा वाटलं होतं तसं काहीतरी वाटत होतं. राग म्हणावा तर राग नव्हता.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"काही न्हाई. तू जिथं भरला तिथं मी रिकामा झालो. खांदे सोड. गुडघा जरासा वाकव. डोक्याला वरून दोरी बांधलीय असं समज. अन् आता गाडीवान, खाली उतर."

तीस वर्षं ज्या शब्दांना मी जुमानलं नाही तेच शब्द. या वेळी मी उतरलो. म्हणजे अंगातलं ओझं छातीतून कमरेत, कमरेतून तळपायात सोडायचं. ऐकायला सोपं आहे. करायला मला सव्वा महिना लागला.

हालचालींना नावं आहेत. ढगासारखे हात. बगळ्याचे पंख. माकडाला मागं सारणं. बगळा मला कळला, नांगरामागं बगळे बघत मी वाढलो. पण घोड्याची आयाळ विंचरायची आली तेव्हा मी अडलो. "मी बैलवाला माणूस. बैलाला कुठं आयाळ असती? आपण वशिंड म्हणू."

"बिलकुल न्हाई," साहेबराव म्हणाला. "चिठ्ठीवर जे नाव तेच गाडीत. नाव बदललं की उद्या माल बदलशील."

सगळ्यात कठीण गोष्ट पाऊल टाकणं. पाय पुढं ठेवायचा पण वजन ठेवायचं नाही. नुसता टेकवायचा, जमीन खरी आहे का ते विचारायचं. मग सावकाश त्यात स्वतःला ओतायचं. मागचा पूर्ण रिकामा झाल्याशिवाय तो उचलायचा नाही. मी टाकलं तसं पाऊल. साहेबराव माझ्या पायाकडं बघून म्हणाला, "अकरा किलो मागं राह्यलं."

"कशावरून?"

"दिसतंय."

"तुला दिसतंय म्हणून मी मानू? आकडा दाखव."

त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा मी आनंद पाहिला. आकडा मागणारा माणूस त्याला बऱ्याच वर्षांनी भेटला असावा.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं जालन्याला गेलो. जुन्या जालन्यात भांड्यांच्या एका दुकानात माणसं तोलायचे घरगुती काटे होते, सुईवाले. साहेबरावानं पिशवीतून शिक्का मारलेलं पाच किलोचं लोखंडी माप काढलं आणि दुकानातले सगळे काटे ओळीनं मांडले. आधी माप ठेवायचं, मग स्वतः उभं राहायचं, मग मला उभं करायचं, मग परत माप. दुपार झाली. दुकानदार म्हातारा मुसलमान होता, पान चघळत बघत होता. शेवटी म्हणाला, "चाचा, काटा लेना है के बहू पसंद करनी है?"

साहेबराव वाकलेलाच म्हणाला, "बहू एक चलती. काटे दो होना, अन् दोनों एकसारखे बोलना."

चौदांतून दोन निघाले जे एकसारखं बोलत होते. दुकानदारानं उरलेल्या बारांकडं अशा नजरेनं पाहिलं जणू ते त्याचेच नापास झालेले नातू आहेत.

गावी येऊन ओट्यावर मांडले. मी मागच्या काट्यावर उभा राहिलो, पुढच्यावर पाऊल टाकलं, ओतलं. साहेबरावानं चष्मा लावला, मागच्या सुईसमोर गुडघ्यावर वाकला. एकदा पाहिलं, परत पाहिलं.

"अकरा."

मी मान वाकवून पाहिलं. अकरा. कमी नाही, जास्त नाही.

"तुझा मागच्या पायावर भरोसा हाय," तो म्हणाला, "पुढच्यावर न्हाई. पडल्यापासून न्हाई. पुढची जमीन तुला घेईल असं तुला वाटत न्हाई."

माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. बायकोसुद्धा नाही.

ऑगस्टात एकदा तो माझ्यासोबत चारीपर्यंत आला. पाऊस नुकताच उघडला होता, खांबावर शेवाळ. पलीकडं बाळू आणि बाया कापसात होत्या. साहेबरावानं चप्पल काढली आणि खांबावर चढला. घाई नाही, हात पसरणं नाही. पाऊल टेकवलं, विचारलं, ओतलं. पलीकडं पोचला. आणि मग, वळला नाही. तसाच पाठमोरा परत आला. माकडाला मागं सारत सारत, एक हात पुढं, एक हात कमरेशी, उलट्या पावलांनी, त्या शेवाळावरून. बाया खुरपी हातात धरून उभ्या राहिल्या. कोणी हसलं नाही. एका म्हातारीनं पदर सारखा केला. मी बहात्तर वर्षांचा होत आलोय, जत्रेत दोरीवरचे डोंबारी पाहिलेत, पण ते जिवाला घाबरून सांभाळत असतात. हा माणूस सांभाळत नव्हता. त्याला पडायला अंगात जागाच नव्हती.

मी लगेच चप्पल काढली. पलीकडून बाळू ओरडला, "अण्णा, थांबा." आणि तो खांबावरून आला तो सरळ साहेबरावापुढं उभा राहिला.

"काका, हे माझं ऐकत न्हाईत. तुमचं ऐकतात म्हणून इचारतो. ह्यांना जमंल का?"

"आज न्हाई. सात किलो मागं राह्यतंय."

"मंग ज्या दिवशी तुम्ही बराबर म्हणसाल त्या दिवशी अण्णा वलांडतील. मी आडवा येणार न्हाई. तुमच्या शब्दाबाहेर मी न्हाई, काका. तुमच्या काट्याबद्दल गावात कुणी दुसरं बोलत न्हाई."

साहेबरावानं मान हलवली. "मागची सुई शून्यावर आली की मी स्वतः सांगन."

असा माझा शेतात जायचा परवाना त्याच्या तोंडी गेला. मला ते रुचलं नाही, पण ज्याच्याशी तीस वर्षं भांडलो त्याच्यावर पोराचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास असेल, तर त्यात पोराची चूक काढता येईना.

मी रोज जाऊ लागलो. सातावरून पाच. पोळ्याला चार. गणपतीत पाहुणे आले, दोन दिवस चुकलो, परत सहा. साहेबराव दोन दिवस बोलला नाही. मग तीन. मग अडीच. सकाळी आम्ही दोघंच असायचो. तासभर पायांचं, मग तो मला सगळ्या हालचालींची साखळी करून दाखवायचा आणि मी मागं मागं करायचो. मध्ये बसलो की तो बोलायचा. बायको कशी चालायची ते सांगायचा. ती घरात कुठल्या खोलीत आहे हे त्याला तिच्या पावलावरून कळायचं, आणि ती पाणी भरून येतीय की रिकामी, तेही. आता घरात कोणाचं पाऊल वाजत नाही म्हणून तो पहाटे लवकर बाहेर पडतो, असं एकदा म्हणाला. असं काही कोणी बोललं की मला काय करावं ते सुचत नाही, मी धोतराचा सोगा झटकतो.

दसऱ्यानंतर एका सकाळी सुई दीडवर आली. मी खुशीत होतो.

"आता दोन-चार दिवसांत सुटलो," मी म्हणालो. "तूर फुलावर यायच्या आत पलीकडं गेलो पायजे. बाळूला फवाऱ्यातलं कळत न्हाई."

"सकाळीच जाशील का शेतात?"

"मंग काय दुपारी? शेतात सकाळीच जायाचं असतं."

"म्हंजे हितं..."

"हितं कशाला आता? झालं की शिकून."

साहेबरावानं काटा उचलला, फडक्यानं पुसला, परत ठेवला. "हां," म्हणाला. "बराबर हाय."

त्यानंतर तीन दिवसांनी मी मागच्या काट्यावर उभा राहिलो. हवा गार होती. पुढं पाऊल टेकवलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तो काय म्हणत होता. पुढच्या पायाखालची जमीन आपण होऊन वर येतीय असं वाटलं. मी त्यात गेलो. मागचा पाय इतका हलका झाला की तो माझा आहे का हे बघायला मी खाली पाहिलं. गेल्या वर्षीच दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत, मला लांबचं आणि जवळचं दोन्ही स्वच्छ दिसतं. सुई शून्यावर होती. शून्याच्या रेघेवर बरोबर, आणि हलत नव्हती.

साहेबराव शेजारी उभा होता. चष्मा खिशात. तो वाकला नाही. लिंबाकडं बघत म्हणाला, "दीड किलो राह्यलं."

माझ्या तोंडात शब्द आला होता. तीस वर्षं या माणसाशी मी किलो-किलोवरून भांडलोय, खोटा असताना भांडलोय. आज मी खरा होतो. सुई पायाखाली होती, नुसतं बोट दाखवायचं होतं. पलीकडं माझी तूर उभी होती.

त्याच्याकडं पाहिलं. त्याचे खांदे वर चढले होते. मला रोज खांदे सोड म्हणणारा माणूस, आणि त्याचे स्वतःचे खांदे कानाला लागले होते. हातातलं फडकं त्यानं मुठीत घट्ट धरलं होतं. मेव्हण्याच्या ओल्या ताडपत्रीला जो हलला नाही, त्याच्यानं हे एवढंसं वजन उचलवत नव्हतं.

मी मागचा पाय जड करून खाली दाबला.

"हां," मी म्हणालो. "मला बी तसंच लागत होतं. मागं काहीतरी अडकतंय."

तो माझ्याकडं वळला. त्याचे खांदे सावकाश खाली आले. मग फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "चल, पहिल्यापासून करू." त्या सकाळी त्यानं मला पूर्ण साखळी दोनदा करून दाखवली. ढगासारखे हात करताना ते हात मला कधी इतके सुंदर दिसले नव्हते. साळुंक्या त्याच्या पायाशी होत्या, आणि एक माझ्या पायाशी आली.

घरी आलो तर बाळू बैलजोडीला वैरण टाकत होता.

"काय म्हणले काका?"

"दीड किलो राह्यलंय."

आता या गोष्टीला तीन आठवडे झाले. सुई रोज शून्यावर येते. साहेबराव रोज उभ्यानं वाचतो. परवा बाळू जेवताना म्हणाला, "अण्णा, अकराचे दीड दोन-अडीच महिन्यात झाले, अन् दीडचं काहीच होईना? काकांचं काही चुकत तर नसंल?"

मी ताटावरून हात उचलला. "त्या माणसाच्या काट्यावर संशय घ्यायचा न्हाई," मी म्हणालो. "चुकत असंल तर माझं चुकतंय."

पोरानं आईकडं पाहिलं. जन्मात पहिल्यांदा मी असं काही बोललो असेन.

तूर फुलावर आली आहे. काल सुनबाईनं येताना एक फांदी तोडून आणली आणि माझ्या हातात दिली. फूल भरगच्च आहे, किडीचा मागमूस नाही. बाळूला फवाऱ्यातलं कळतं म्हणायचं. फांदी मी उशाशी ठेवली आणि लवकर झोपलो. सहाला काट्यावर जायचं असतं.